परतीची उंची

सुजाता, त्या दिवशी सकाळी प्लॅन मी बदलला होता.

आदल्या दिवशी तू साइटवर पायी फिरलीस, क्रेन कुठे उभी आहे ते पाहिलंस आणि मग उंची ठरवलीस. ती उंची मी फरीदाबादच्या ऑफिसात खुर्चीवर बसून खाली आणली, आणि तुला फोन केला नाही. एवढंच सांगायचं होतं. तू असताना ते एकदाही तोंडातून निघालं नाही. आता तू ऐकायला नाहीस, तर किती सहज लिहून झालं. याचीही लाज वाटते.

तुझं शिक्षण, तुझ्या परीक्षा, तुझं कौतुक हे सगळं इतरांनी सांगितलं. मी त्यात पडत नाही. तू आमच्या कंपनीतली एकटी महिला ड्रोन पायलट होतीस आणि मी सगळ्यांच्या उड्डाणांची कॉम्प्युटरवर आखणी करणारा माणूस, इतकं इथे पुरे.

आपण नक्की काय करतो हे लोकांना सांगताना आपली नेहमी पंचाईत व्हायची. आठवतं, माझ्या मेहुण्याने तुला विचारलं होतं, "म्हणजे लग्नाचं शूटिंग करता का?" तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "हो ना. बिल्डिंगचं लग्न असतं. दर आठवड्याला असतं, आणि जेवण कधीच नसतं." तो बिचारा अजून तुला लग्नाची फोटोग्राफरच समजतो.

काम आलं की मी नकाशावर जागेची हद्द आखायची, शेतात तास घालावेत तशा उड्डाणाच्या रेघा घालायच्या, उंची, बॅटऱ्या, पायलट ठरवायचे, वरचं आकाश मोकळं आहे की बंद ते बघायचं, आणि सगळं तुमच्या टॅबलेटवर पाठवायचं. साइटवर पायलटने 'ॲक्सेप्ट' दाबलं की तिथून पुढे उड्डाण त्याचं. बरं-वाईट काही झालं तर तेही त्याचंच. कंपनीचा हा नियम मीच लिहिला होता, आणि तेव्हा मला त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं.

पण त्याच्या वर तुझा एक नियम होता. तो कुठेच लिहिलेला नव्हता. तपासलेल्या प्लॅनमध्ये कोणी काही बदललं, तर पायलटला फोन करून तोंडाने सांगायचं. त्यावरून आपण किती भांडलो!

"सॉफ्टवेअर नोटिफिकेशन पाठवतं ना," मी म्हणायचो. "मग परत फोन कशाला? सॉफ्टवेअर घेतलं कशाला मग?"

"दादा, नोटिफिकेशन तर बँकही पाठवते आणि भाजीवालं ॲपही पाठवतं. दिवसभर टिंग टिंग. उन्हात स्क्रीन दिसत नाही, हात कंट्रोलरवर असतात. तुम्ही तोंडाने सांगायचं, सुजाता, हे हे बदललंय. बस."

"आणि राहून गेलं तर?"

"तर मी समजेन की काही बदललेलं नाही."

मी हसून मान डोलावली होती. नंतर वर्षानुवर्षं तो नियम पाळलाही. इतका, की नुसती बॅटरी बदलली तरी मी फोन करायचो आणि तू म्हणायचीस, "अच्छा, हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं." म्हणजे दोन्हीकडून बोलणी मलाच. फक्त एकदा मी फोन केला नाही.

का केला नाही ते आता लिहितो. लिहायला घेतल्यापासून मी हेच टाळतोय.

बुंदेलखंडातल्या कालव्यांचं सर्वेक्षण आलं होतं. महिनाभराचं काम, मोठी टीम, आणि तिचं नेतृत्व तुला हवं होतं. तुझा हक्कच होता तो. आपले मालक खुरानाजी मला केबिनमध्ये म्हणाले, "अविनाश जी, लेडी हैं. महीना भर बाहर, गांव-देहात. रहने दो, किसी और को भेजो." मी काही बोललो नाही. केबिनबाहेर आलो आणि बोर्डावर दुसऱ्याचं नाव टाकलं.

तुला ते संध्याकाळी कळलं. साइटवरून आली होतीस, बुटांना सिमेंट लागलेलं होतं. ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर तू मला गाठलंस.

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"म्हटलं, बघू."

"म्हणजे काहीच नाही म्हणालात."

"तुला कळत नाही सुजाता, वरती कसं चालतं ते."

"वरती मीच असते दादा. तुम्ही तर कायम खालीच असता."

टपरीवाला मराठी समजत नव्हता, पण तोही हसला. मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. चहा अर्धा टाकून मी निघालो. मेट्रोत मंडी हाऊसला गाडी बदलताना तू दोन डबे मागे उभी दिसलीस, तरी मी ओळख दाखवली नाही. एरवी आपण द्वारकेपर्यंत बरोबर जायचो. ऑफिसात तू मला 'सर' म्हणायचीस आणि बाहेर 'दादा', मंडी हाऊसला ब्लू लाइनमध्ये बसलो की तर हमखास. पुढे तासभर तुझं सामान्य ज्ञान. स्पर्धा परीक्षांची तयारी सोडून तुला जमाना झाला होता, पण प्रश्न विचारायची खोड गेली नव्हती. "सांगा, हिंदूराव कोण?" मी म्हटलं, दिल्लीतलं हॉस्पिटल. तू कपाळावर हात मारलास. "अहो, माणूस होता! ग्वाल्हेरहून आलेला. दिल्लीच्या टेकडीला आपल्याकडचं नाव लागलंय आणि तुम्हाला हॉस्पिटल सुचतं!" त्या संध्याकाळी असलं काही झालं नाही. तू मेसेज केलास, "रागावलात का?" मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बांधकामाच्या इंजिनिअरचा फोन आला. मागच्या वेळच्या फोटोंत स्लॅबवरच्या भेगा नीट दिसत नाहीत, ड्रोन जरा खालून उडवा. मी तुझा प्लॅन उघडला आणि उड्डाणाची उंची कमी केली. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एक खूण असते. ती केलेली असेल तर उड्डाणाच्या उंचीबरोबर परतीची उंचीही बदलते. संपर्क तुटला की ड्रोन आपला आपण ज्या उंचीवरून सरळ रेषेत घरी येतो, ती ही उंची. तुझ्या रेघा क्रेनला टाळून जात होत्या. पण सरळ परतीची वाट क्रेनवरूनच होती, म्हणून तर तू ती इतकी वर ठेवली होतीस. उड्डाणाबरोबर तीही खाली आली. मी पाहिलं नाही.

ही झाली चूक. माणसाच्या हातून होते. पुढचं मात्र चूक नव्हे.

फोन माझ्या हातात होता. तुझं नाव स्क्रीनवर काढलेलं होतं. फोन केला तर कालच्या भांडणावर बोलावं लागेल, आणि आधी मी बोलायचं म्हणजे मी नमतं घेतलं. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मनात म्हटलं, नोटिफिकेशन जाईलच. एवढी हुशार आहे तर बघेल स्क्रीनवर.

तासाभराने तेवतियाचा फोन आला. तुझ्याबरोबर साइटवर आकाशाकडे नजर ठेवून उभा राहायचा तो. ड्रोनला तो कधी ड्रोन म्हणाला नाही. "सर जी, जहाज तो क्रेन में जा लगा." मग जरा थांबून, "मैडम ठीक हैं. मैडम उस मिस्त्री के पास बैठी हैं."

लोखंडी सांगाड्याआड संपर्क तुटला होता, ड्रोन परत निघाला होता आणि क्रेनच्या आडव्या हाताला धडकून खाली पडला होता. हातभर अंतरावर एक गवंडी रोटी खात बसला होता. त्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा साइटवर जाऊन त्याची माफी मागून आलीस, हे मला तेवतियाने सांगितलं. माझ्या चुकीची माफी तू एका दिवसात मागितलीस.

खुरानाजींच्या केबिनमध्ये आपण दोघं शेजारी बसलो होतो. त्यांनी विचारलं, "प्लॅन किसका था?"

मी म्हणालो, "बोर्ड से मैंने ही भेजा था, सर. ॲक्सेप्ट पायलट ने किया."

यातला एकेक शब्द खरा होता. तो तसा असावा म्हणून तर मी आदल्या रात्रीपासून जुळवत होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नव्हे. समोरचा माणूस पत्ता चुकलाय का, असं बघावं, तसं. मग खुरानाजींकडे वळून म्हणालीस, "जी सर, ॲक्सेप्ट मैंने किया. मुझे देखना चाहिए था."

तेवढ्यावर मिटलं. पुढचं ठरेपर्यंत तू उडवायचं नाही, ऑफिसात बसून नव्या मुलांना सिम्युलेटरवर शिकवायचं. बाहेर पॅन्ट्रीत कोणीतरी म्हणालं, "यार, मैडम लोगों को गाड़ी बैक करना नहीं आता, इनको जहाज दे दिया." सगळे हसले. मी तिथेच उभा होतो, चहात साखर ढवळत. विरघळल्यावरही ढवळत राहिलो.

आणि तुझं टेबल माझ्या टेबलाशेजारी आलं.

सुजाता, ते महिने कसे गेले ते तुला सांगायला हवं. माझ्या समोरच्या भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, तुला माहीत आहे. त्यावर कुठेकुठे चाललेली उड्डाणं ठिपक्यांसारखी हलत असतात. कोणी नदीवर, कोणी हायवेवर, कोणी मोहरीच्या शेतांवर. तो स्क्रीन मी घालून दिलेल्या चौकटींमधून फिरणाऱ्या लोकांचा होता, आणि मला वाटायचं, चौकटीत मी आहे, ते नाहीत. डाव्या बाजूला तू. "स्टिक को प्यार से, बेटा, कुश्ती नहीं लड़नी," असं एखाद्या नव्याला सांगत असायचीस. मान वळवली की तू दिसायचीस, म्हणून मी मान वळवायचं सोडलं. मानेला पट्टा लागला. डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरवर फार बसता.

संध्याकाळी पुन्हा मेट्रो. आता तू रोज ऑफिसात, त्यामुळे रोज बरोबर. वेगळ्या डब्यात बसायला कारण नव्हतं आणि शेजारी बसायला तोंड नव्हतं. तू मला 'सर' म्हणायला लागली असतीस तर बरं झालं असतं. पण मंडी हाऊस आलं की तू तशीच 'दादा' म्हणायचीस. डब्यात उरलेली पाटवडी पुढे करायचीस. मी खायचो.

एकदा, करोल बागच्या पुढे, तू अगदी शांतपणे विचारलंस, "दादा, मला एक कळत नाही. परतीची उंची मी क्रेनच्या वर ठेवली होती. मला पक्कं आठवतंय. मग ती खाली कशी आली? तुम्ही बघू शकता ना, सिस्टीममध्ये कोणी हात घातला होता का?"

मी म्हणालो, "बघतो."

तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. तुला कळलं होतं का? मी हे रोज स्वतःला विचारतो. कळलं असेल तर तू मला वाचवलंस. कळलं नसेल तर तू स्वतःच्या आठवणीवर अविश्वास ठेवून जगलीस. दोन्हींपैकी कमी वाईट कुठलं, ते ठरवता येत नाही.

गप्प का राहिलो, याची कारणं माझ्याकडे आहेत. या वयात दुसरीकडे कोण घेणार, मुलाचं बारावीचं वर्ष, घरी अंथरुणाला खिळलेले बाबा. शिवाय पहिल्या दिवशी खोटं बोललं गेलं की दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी कबूल कराव्या लागतात, महिन्याने तीस. ही कारणं खोटी नाहीत. पण त्यातलं एकही तुझ्यासमोर मोठ्याने म्हणून बघ म्हटलं, तर मला म्हणता येत नाही.

आणि बाबा. त्यांचं काय करू सांग. अकोल्यातून त्यांना द्वारकेच्या चौथ्या मजल्यावर आणलं तेव्हापासून ते सगळं विसरत चाललेत. डोक्यावरून विमान गेलं की, ते घरावरच उतरतंय असं समजून पांघरूण ओढून घेतात. तू पहिल्यांदा घरी आलीस आणि दारातूनच म्हणालीस, "काय करून राह्यले बाबा? जेवले का नाई?" आमच्या घरात वऱ्हाडी बोलणं कधीच संपलं होतं. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलाला तर ती वेगळीच भाषा वाटली. पण बाबा उठून बसले. तुला आपल्या चुलत बहिणीची मुलगी समजून त्यांनी विहिरीचं, कापसाचं, कुणाकुणाचं विचारलं आणि तू सगळ्याची उत्तरं दिलीस. "विहीर आहे ना बाबा, पाणी बी आहे." नंतर मी म्हटलं, तू तर वाशिमची, तुला त्यांची विहीर काय ठाऊक? म्हणालीस, "दादा, पाणी आहे म्हणायला काय जातं?"

अपघातानंतरही तू रविवारी येत राहिलीस. तू बाबांजवळ बसायचीस आणि मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात. चहाला इतका वेळ लागत नाही, हे तुला कळत नसेल का? माझ्या घरात मीच लपून उभा असायचो आणि बाहेरून तुम्हा दोघांचं हसणं ऐकू यायचं. परवा बाबांनी विचारलं, "ते पोरगी नाई आली?" मी म्हटलं, गावाला गेली. बघ, त्यांच्याशीही.

चांगलंही आठवतं. थंडीतली ती सकाळ, यमुनेच्या काठच्या मोकळ्या रानात. तू कंट्रोलर माझ्या हातात दिलास. "इतकी वर्षं आम्हाला उडवता, आज स्वतः उडवा." ड्रोन झाडांकडे निघाला तशी मी स्टिक गच्च धरली. तू म्हणालीस, "सोडा. सोडा ना दादा! हात सोडला की तो आहे तिथेच थांबतो." मी सोडला. खरंच थांबला. धुक्यात, डोक्यावर, नुसता गुणगुणत. मी लहान मुलासारखा ओरडलो आणि तेवतिया म्हणाला, "सर जी का जहाज खड़ा हो गया!" दिल्लीतल्या माझ्या सगळ्या वर्षांत तेवढा मोकळा श्वास मी दुसरा घेतलेला आठवत नाही. तो तू दिलास.

मग हा डेंगू. पहिले दोन दिवस तू हसण्यावारी नेलंस. "मच्छराने परवानगी घेतली नव्हती," म्हणालीस. द्वारकेचं सगळं आकाश विमानतळामुळे आपल्याला बंद, त्यावरचा तुझा विनोद. तिसऱ्या दिवशी ॲडमिट केलं. चौथ्या दिवशी मी आलो तो सांगायचं ठरवूनच आलो होतो. मेट्रो स्टेशन ते हॉस्पिटल वाक्य घोकत आलो. तुझा नवरा प्रशांत औषधं आणायला खाली गेला. खोलीत आपण दोघंच. तुझे ओठ सुकले होते, हातावर सुईचे निळे डाग.

मी म्हणालो, "सुजाता, बरी हो लवकर. मग बोलायचंय जरा."

"काय बोलायचंय?"

तू डोळे उघडून सरळ माझ्याकडे पाहत होतीस. तू वाट पाहत होतीस. ते मला तेव्हाही दिसलं होतं.

"काही नाही गं. ऑफिसचं."

"मग राहू द्या," म्हणालीस, आणि डोळे मिटलेस.

दोन दिवसांनी प्रशांतचा फोन आला.

परवा रविवारी तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी वंदना घेतली. पांढऱ्या चादरीवर तुझा फोटो. कंट्रोलर गळ्यात अडकवलेला, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. तुझ्या आई पहिल्या रांगेत होत्या. वाशिमहून आल्यापासून त्या कोणाशी फार बोलल्या नव्हत्या म्हणे. शाळेत बाईंनी वर्गावर नजर ठेवून बसावं, तशा ताठ बसल्या होत्या. तुझं उडवणं बंद झालं हे त्यांना माहीत होतं, आणि का झालं तेही, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं तितकं. गावात त्या तुला 'आमची पायलट' म्हणायच्या. मग म्हणेनाशा झाल्या. हे मला प्रशांतने सांगितलं, सहज, खुर्च्या लावता लावता. तो म्हणाला, "दादा, ऑफिसतर्फे दोन शब्द तुम्ही बोला. तुम्हीच तिला जवळचे." मी होकार दिला. खिशात दोन शब्द होतेही. हसतमुख, कष्टाळू, कंपनीचं नुकसान. कोणालाच न लागणारे.

पण आधी खुरानाजी उठले. माणूस वाईट नाही तो, सुजाता. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "सुजाता जी हमारी बेटी जैसी थीं. एक गलती हुई थी उनसे, बड़ी गलती. किसी की जान भी जा सकती थी. लेकिन गलती इंसान से ही होती है. हमने कभी दिल पे नहीं लिया. हमने माफ़ कर दिया था."

आणि तुझ्या आईने त्यांच्याकडे बघून हात जोडले.

माफ केल्याबद्दल. तुझ्या वतीने, भरल्या हॉलमध्ये, त्या वयाच्या बाईने मान खाली घालून हात जोडले. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो.

मी कसा उठलो ते आठवत नाही. माइक घेतला नाही. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि मराठीत म्हणालो, "आई, ती चूक सुजाताची नव्हती. तिने केलेला प्लॅन बरोबर होता. तो मी सकाळी बदलला आणि तिला सांगितलं नाही. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, त्या रागात सांगितलं नाही. नंतर तिने मला विचारलंही. मी तिला खरं सांगितलं नाही. सगळ्यांनी तिला बोल लावला आणि मी ऐकत राहिलो."

हॉलमधली मराठी माणसं माझ्याकडे वळली. प्रशांत खुर्ची धरून उभा होता. बाकीचे, म्हणजे आपलं सगळं ऑफिस, काय चाललंय म्हणून एकमेकांकडे बघत होते. एका क्षणासाठी मला सुटल्यासारखं वाटलं. सांगून झालं होतं.

तुझ्या आईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या साहेबांना मराठी येतं?"

"नाही."

"मग हे मला एकटीला काय सांगता? मी तिची आई आहे. मला हे कोणी सांगायची गरज नव्हती." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ज्यांनी तिला बोल लावला, त्यांना कळेल असं सांगा."

मी वळलो. खुरानाजी होते, तेवतिया होता, पॅन्ट्रीत हसलेले ते सगळे होते. तुझ्या फोटोला मी पाठ केली नाही, तिरका उभा राहिलो, तू आणि ते दोन्ही दिसावं असा. खुरानाजींना अंदाज आला असावा. ते हळूच म्हणाले, "अविनाश जी, आज नहीं. बाद में बात करते हैं."

"नहीं सर," मी म्हणालो. "बाद में, बाद में करते-करते ही ये चली गई."

आणि मग मी तिथे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "उस दिन का प्लॅन मैंने बदला था. सुजाता को बताया नहीं. गलती मेरी थी, और मैंने वो इसके नाम पर रहने दी. आपने जो माफ़ किया, वो इसका था ही नहीं. सुजाता, मैंने तुम्हारे साथ बहुत बुरा किया. मैं सबके सामने तुमसे माफ़ी माँगता हूँ."